पांढऱ्या अक्षरांचे टायर आणि टायर पॉलिश: पिवळी पडलेली अक्षरं परत पांढरी कशी करावीत?

जिप्सीकन्या | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे बाबांची १९९८ची जिप्सी किंग आहे. बाबा आता ७३ वर्षांचे आहेत, गाडी मीच चालवते. पण रोज सकाळी खाली उतरून गाडीभोवती एक चक्कर मारल्याशिवाय ते चहा घेत नाहीत. मार्चमध्ये चारही टायर आणि स्टेपनी बदलली. २१५/७५ आर १५ मापाचे, ऑल-टेरेन (पक्क्या-कच्च्या दोन्ही रस्त्यांचे), बाजूला उठावाची पांढरी अक्षरं असलेले. बाबांना हे टायर गाडी घेतली तेव्हापासून हवे होते. तेव्हा घर, आम्हा दोघी बहिणींची शिक्षणं, यात ते राहून गेलं. म्हणून या वेळी मी पैसे साठवून घेतले.

खंडेनवमीला सकाळी गाडी धुवायला सिंहगड रस्त्यावरच्या एका वॉशिंग सेंटरला नेली. धुऊन झाल्यावर तिथल्या मुलाने मी काही म्हणायच्या आत डब्यात मोठा ब्रश बुडवून चारही टायर पुसून काढले, अक्षरांसकट. टायर असे चमकले की मलाही बरं वाटलं. दसऱ्याला हार घातला, फोटो काढले. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी अक्षरं पिवळट तपकिरी दिसायला लागली, चहा सांडून वाळलेल्या कापडासारखी. वर धूळ चिकटून बसलेली. बाबांनी चक्कर मारताना विचारलं, "अक्षरांना काय झालं गं?" मला उत्तर देता आलं नाही.

गाडी धुवायच्या साबणाने दोनदा धुतलं. धूळ गेली, पिवळेपणा तसाच. एका शेजाऱ्यांनी टॉयलेट क्लीनर ओतायला सांगितलं, दुसऱ्यांनी वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा खरकागद, मारायला. दोन्हीची भीती वाटते म्हणून आधी इथे विचारते. हा नुसता डाग आहे की रबरच खराब झालंय? कशाने निघेल? आणि पुढे टायरचा काळा भाग काळाभोर ठेवायचा असेल तर पॉलिश लावावं का, आणि लावायचं तर अक्षरं सांभाळून कसं?


फेसपाणी | रविवार, रात्री १०:२०

ताई, पहिली गोष्ट: टॉयलेट क्लीनर अजिबात नको. त्यात ॲसिड असतं. जिप्सीला लोखंडी रिम आहे, रिमच्या कडेला आणि नटांना गंज धरेल आणि डाग आहे तिथेच राहील. वॉटर पेपर अगदी शेवटचा उपाय, त्याची वेळ तुमच्यावर येणार नाही असं वाटतं.

दोन गोष्टी सांगा. पॉलिश दुधासारखं पांढरं होतं की पारदर्शक आणि तेलकट? आणि वास कसला येत होता?


जिप्सीकन्या | रविवार, रात्री १०:३५

पारदर्शक होतं, बोटाला लागलं तर साबणानेही पटकन जात नव्हतं. वास रॉकेलसारखा. तीन-चार दिवस पार्किंगमध्ये येत होता. आणखी एक, मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर काळे बारीक ठिपके उडालेत.


फेसपाणी | सोमवार, सकाळी ७:१५

मग निदान झालं. माझं धायरीला गाडी डिटेलिंगचं छोटं दुकान आहे, अशी गाडी महिन्यातून एक तरी येते.

टायर पॉलिश मोठ्या हिशेबाने दोन जातींचं. एक पाण्यातलं: दुधी दिसतं, वास जवळजवळ नसतो, वाळलं की मंद काळेपणा देतं. दुसरं सॉल्व्हंटमधलं, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रवातलं: पारदर्शक, चिकट, रॉकेल-टर्पेंटाइनच्या कुळातलं. चमक जबरदस्त, दोन पावसांतही टिकते, म्हणून वॉशिंग सेंटरवाल्यांना तेच परवडतं. पूर्ण काळ्या टायरवर ते दिसायला तरी चालून जातं. पांढऱ्या अक्षरांवर मात्र तेच नको. पत्र्यावरचे ठिपके त्याचेच: जास्तीचं पॉलिश चाक फिरलं की उडतं आणि चाकामागच्या पत्र्यावर बसतं. हे ठिपके मऊ फडक्यावर थोडं टार रिमूव्हर (डांबराचे डाग काढायचं औषध) घेऊन काढा, घासू नका, आणि लगेच साबणपाण्याने पुसा.

आता अक्षरं. काम एका चाकाचं अर्ध्या तासाचं आहे, चारही एकाच दिवशी उरकायचा हट्ट नको.

गाडी सावलीत, टायर हाताला थंड लागेपर्यंत थांबा. ऑक्टोबरच्या उन्हात टायर तापलेला असतो, औषध लावताच वाळतं आणि नवाच डाग पडतो. आधी नुसत्या पाण्याने माती सोडवा. मग ऑल-पर्पज क्लीनर पाण्यात एकास दहा करून फवारा. तुमच्यासारख्या चिकट थरासाठी पहिल्या वेळी एकास चार चालेल. मिनिटभर मुरू द्या, वाळू देऊ नका. कडक नायलॉनच्या ब्रशने सगळी बाजू घासा, काळी आणि पांढरी दोन्ही. इथे सगळे चुकतात, फक्त अक्षरं घासतात. आजूबाजूच्या काळ्या रबरावर तेलकट थर राहिला तर तोच दोन दिवसांत परत अक्षरांवर सरकतो.

फेसाकडे बघत राहा. पहिला फेस गडद तपकिरी येईल. धुवा, परत फवारा, परत घासा. फेस पांढरा राहीपर्यंत. तुमच्या टायरला तीन ते पाच फेऱ्या लागतील. त्यानंतरही अक्षरांवर सावली राहिली तर मेलामाइनचा पांढरा स्पंज ओला करून हलक्या हाताने, फक्त अक्षरांवर. तो स्पंज म्हणजे अतिशय बारीक खरकागदच असतो, म्हणून दर आठवड्याला वापरायची वस्तू नव्हे. भांड्यांची साबण लावलेली तारेची घासणीही पूर्वी लोक वापरायचे, काम करते. पण तारेचे कण रबरात अडकून गंजतात आणि मग त्याचे डाग पडतात, म्हणून मी सोडून दिली.


भोसरी_ट्रान्सपोर्ट | सोमवार, दुपारी १:४०

मी थोडं वेगळं सांगतो. माझे सहा टेम्पो आणि एक स्वतःची बोलेरो. आठ वर्षं मी तेच तेलकट पॉलिश वापरतोय, टायरला कधी भेग गेली नाही, उलट नवे दिसतात. बोलेरोला पांढऱ्या अक्षरांचे टायर दोन वर्षांपासून आहेत. थोडी पिवळी झालीत, पण ती कुणाचीही होणारच. उन्हाने, धुळीने, रस्त्यानं. पॉलिशला एकट्याला दोष देणं मला पटत नाही.


रबरकाका | सोमवार, रात्री ८:०५

मी चिंचवडला राहतो, आयुष्याची तीस वर्षं टायरच्या रबर मिश्रणाच्या कामात गेली. भोसरीकरांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे आणि एक सुटलेली. दोन्ही नीट सांगतो.

रबर मुळात काळं नसतं. काळं होतं ते कार्बन ब्लॅकमुळे. कार्बन ब्लॅक रबराला बळकटी देतं आणि उन्हातले अतिनील किरण शोषून घेतं. शिवाय काळ्या मिश्रणात मेण असतं आणि अँटिओझोनंट असतात, त्यातलं सर्वांत चालणारं सिक्स-पीपीडी. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराचे रेणू तोडतो, त्यातून बाजूला बारीक भेगा पडतात. त्या पडू नयेत म्हणून ही रसायनं टायरच्या आतून हळूहळू पृष्ठभागावर येत राहतील अशीच योजना असते. ती वर येऊन हवेशी संयोग पावली की तपकिरी होतात. जुन्या टायरच्या बाजूला जी बदामी झाक दिसते ती मळ नव्हे, तो टायर स्वतःचं रक्षण करतोय.

आता पांढरं अक्षर. ते वरून दिलेला रंग नसतं. टायर बांधतानाच बाजूच्या भिंतीत पांढऱ्या रबराची पट्टी घातलेली असते आणि तिच्यावर काळ्या रबराचं पातळ आवरण असतं. टायर साच्यातून बाहेर आला की उठावाच्या अक्षरांवरून यंत्राने ते काळं आवरण घासून काढतात आणि खालचं पांढरं उघडं पडतं. या पांढऱ्यात कार्बन ब्लॅक नसतं, टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य असतं. डाग पाडणारे अँटिओझोनंटही त्यात घालता येत नाहीत. म्हणून त्यासाठी ईपीडीएम, क्लोरोब्युटाइल अशी मुळातच ओझोनला दाद न देणारी रबरं मिसळतात.

म्हणजे एकाच भिंतीत दोन स्वभावांची रबरं शेजारी नांदतात. काळ्यातलं तपकिरी होणारं रसायन पांढऱ्याकडे सरकायला बघतं. कारखान्यात त्याला अडवायची तजवीज केलेली असते, तरी थोडं सरकतंच. इतकं भोसरीकरांचं बरोबर: पॉलिश नसतानाही अक्षरं वर्षानुवर्षांत किंचित हस्तिदंती होतात.

सुटलेली गोष्ट ही. रॉकेलवर्गी सॉल्व्हंट रबरात शिरतो, रबर थोडं फुगतं, सैल होतं, आणि आतली तेलं व अँटिओझोनंट जे महिन्यांत वर आले असते ते दिवसांत वर येतात. वर आल्यावर त्याच ओल्या थरातून अक्षरापर्यंत पोचतात. सॉल्व्हंट उडून जातो, डाग मागे राहतो. त्यात जे सिलिकॉन तेल असतं त्याला लोक उगाच शिव्या देतात. ते रबराच्या बाबतीत बरंच निरुपद्रवी आहे आणि सहसा स्वतः पिवळं पडत नाही. दोष त्याला वाहून आणणाऱ्या सॉल्व्हंटचा, आणि चिकटपणामुळे बसणाऱ्या धुळीचा.

जिप्सीकन्या, तुमच्याकडे याची परीक्षा घरातच आहे. स्टेपनी मागच्या दारावर असते ना? तिच्यावर कव्हर होतं का? असेल तर त्या मुलाचा ब्रश तिथे पोचलेला नसणार. तोच टायर, तेच वय, तीच पार्किंग. कव्हर काढून अक्षरं बघा आणि इथे सांगा.


जिप्सीकन्या | मंगळवार, सकाळी ७:३०

काका, आत्ता बघून आले. कव्हर होतं. स्टेपनीची अक्षरं पांढरी आहेत! अगदी वहीच्या कागदासारखी नाहीत, दुधावरच्या सायीसारखी, पण त्या चार चाकांशी तुलनाच नाही. बाबांनाही दाखवलं. ते बराच वेळ दोन्हीकडे आळीपाळीने बघत होते.

म्हणजे सात महिन्यांत टायरचा स्वतःचा पिवळेपणा फक्त सायीइतका, आणि एका हाताच्या पॉलिशने सहा दिवसांत चहाइतका.


भोसरी_ट्रान्सपोर्ट | मंगळवार, सकाळी ९:१०

हे बघून मलाही प्रश्न पडला. काका, माझ्या बोलेरोवर तपासायचं तर कसं? माझी स्टेपनी साध्या काळ्या टायरची आहे.


रबरकाका | मंगळवार, सकाळी ९:४५

पांढरं सुती फडकं पाण्याने ओलं करून पिळा, अक्षराशेजारच्या काळ्या भागावर दाबून चार-पाच वेळा फिरवा. करडं आलं तर धूळ. तपकिरी, तेलकट आलं तर पॉलिशचा थर आणि त्यातून वर आलेलं रसायन. हे बघितल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवू नका.


वाघोलीची_जिम्नी | मंगळवार, दुपारी ३:२०

ताई, माझ्या जिम्नीलाही पांढरी अक्षरं आहेत आणि गाडी मी स्वतः धुते. एक गोष्ट वर कुणी लिहिली नाही: पाणी. आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी, इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते. घासून धुतल्यावर टायर तसाच उन्हात वाळू दिला तर काळ्या भागावर क्षारांचे पांढुरके ओघळ राहतात. ते झाकायला मग पॉलिश जास्त थापलं जातं, आणि परत तेच रामायण. धुतल्या धुतल्या जुन्या पंचाने टायर कोरडा पुसा. अक्षरांच्या खाचांतलंही पाणी टिपा.

पाणी कमी असेल तरी हे होतं. मला एका चाकाला चार तांबे पुरतात: एक माती भिजवायला, दोन फेस काढायला, एक शेवटी. रबरी नळी लागत नाही.

आणि नवीन टायर घेणाऱ्यांसाठी: माझे टायर आले तेव्हा अक्षरांवर निळा थर होता. मला वाटलं खराब माल दिला. तो संरक्षणाचा थर असतो, गोदामात टायर एकावर एक रचतात तेव्हा काळ्याचा डाग पांढऱ्यावर पडू नये म्हणून. पाणी आणि ब्रशने लगेच निघतो. पण पहिल्याच दिवशी काढा, उन्हात तापून बसू देऊ नका.


जुनीगाडी_सदाशिव | मंगळवार, रात्री ९:००

काकांनी रबर मुळात काळं नसतं म्हटलं त्यावरून. मिशेलिन या टायर कंपनीच्या जाहिरातीतला टायरांचा माणूस १८९८ साली जन्माला आला आणि तो पांढरा आहे, कारण त्या काळचे टायर फिकट रंगाचेच असायचे. काळे टायर नंतर, १९१०च्या दशकात कार्बन ब्लॅक रुळलं तेव्हा आले. जुन्या मोटारींच्या मेळाव्यात ज्या रुंद पांढऱ्या पट्ट्यांच्या टायरांपुढे लोक फोटो काढतात, ती त्या संधिकाळाची आठवण. उठावाची पांढरी अक्षरं बरीच पुढची, अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस शर्यतीच्या आणि दणकट इंजिनांच्या गाड्यांबरोबर आली. बीएफ गुडरिचचा ऑल-टेरेन टायर १९७६चा, जीपवाल्यांमध्ये ही अक्षरं रुजली त्यात त्याचा मोठा वाटा.

तुमच्या बाबांनी तरुणपणी हे टायर कुठे पाहिले असतील ते मला कळतं. आमच्या पिढीने ते परदेशी मासिकांच्या पानांवरच पाहिले.


जिप्सीकन्या | शनिवार, संध्याकाळी ६:१५

आज पहिलं चाक केलं, मागचं डावं. सविस्तर लिहिते, कारण मला असंच कुणीतरी लिहिलेलं हवं होतं.

ब्रश आणि स्प्रे बाटली बोहरी आळीतून आणली. सकाळी साडेसातला सुरुवात. पाण्याने माती सोडवली, एकास चार करून फवारलं. घासायला लागले आणि ब्रशच्या तिसऱ्याच हाताला फेस काकवीच्या रंगाचा झाला. मी इतकी माती चालवतच नाही, गाडी महिनाभर शहराबाहेर गेलेली नव्हती. तो सगळा त्या पॉलिशचा थर होता. धुतलं. दुसऱ्यांदा फेस फिका, चहाच्या रंगाचा. तिसऱ्यांदा ताकासारखा. चौथ्यांदा पांढरा.

मोठा ब्रश अक्षरांच्या आत जात नाही हे लगेच लक्षात आलं. आर अक्षराच्या पोटात, जिथे गोल बंद होतो तिथे, काळपट पुटं तशीच होती. त्यासाठी जुना टूथब्रश घेतला, केस अर्ध्यावर कापून आखूड आणि ताठ केला. टोक त्या पोटात धरून नुसतं मनगट फिरवलं. आधी काही नाही, मग कडेने एक पांढरी रेघ दिसली, मग ती रुंद होत गेली. एका आरला दहा मिनिटं लागली असतील. ओ आणि ए ला कमी.

तरी अक्षरांच्या सपाट भागावर फिकट पिवळी सावली होतीच. मेलामाइनचा स्पंज ओला करून दोनदा फिरवला, जोर न लावता. स्पंज झिजून पिवळा झाला आणि अक्षर स्टेपनीच्या अक्षराइतकं झालं. तिथे थांबले. काकांनी लिहिल्याप्रमाणे सायीइतकं हे टायरचं स्वतःचं, ते घालवायला जायचं नाही.

बाबा खुर्ची टाकून बसले होते. तांबे तेच भरून देत होते. नेमके चार!


फेसपाणी | शनिवार, रात्री ८:३०

फार छान काम केलंत. टूथब्रश कापून ताठ करायची युक्ती मी दुकानात वापरणार आहे.

आता लगेच पॉलिश लावू नका. एक रात्र टायर कोरडा होऊ द्या. खाचेत ओल असली की पाण्यातलं पॉलिश पातळ होऊन ओघळतं, आणि ओघळ बरोबर अक्षरावरच येतो.

लावायचं ते दुधी, पाण्यातलं. स्प्रे थेट टायरवर मारू नका. तुषार अक्षरांवर तर जातातच, पण जिप्सीला पुढे डिस्क ब्रेक आहेत, तुषार डिस्कवर गेला तर ब्रेक धरायला कमी पडतील. वाटीत चहाचे दोन चमचे काढा, एका टायरला तेवढं भरपूर होतं. चिकटपट्टी लावून अक्षरं झाकायचा प्रयत्न करू नका, रबरावर ती नीट बसत नाही आणि पॉलिश कडेने खाली शिरतं. चित्रकलेचा अर्ध्या इंचाचा चपटा ब्रश घ्या, अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळेल. ब्रश वाटीच्या कडेला निथळवा, आधी अक्षराची बाह्यरेषा फिरवा, जसं रांगोळीत आधी कड काढतो. मग अक्षरांमधली जागा. बाकीचा मोठा काळा भाग फोमच्या तुकड्याने. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीला एक थेंबही नको.

ब्रश कितीही जपला तरी अक्षराच्या कडेला लागतोच. म्हणून दुसऱ्या हातात ओलं पिळलेलं मायक्रोफायबर ठेवा. एक अक्षर झालं की लगेच त्याचा माथा एका दिशेने पुसा. सगळं संपल्यावर पुसू म्हटलं तर तोवर वाळतं. वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने काळ्या भागावरचं जास्तीचं टिपून घ्या. जे रबराने प्यायचं ते तोवर प्यालेलं असतं, वर राहिलेलं फक्त उडणार किंवा धूळ धरणार. आणि तासभर गाडी हलवू नका.


ताम्हिणी_रायडर | रविवार, सकाळी ११:००

मध्येच विचारतो, क्षमा करा. माझ्या मोटारसायकलच्या टायरवरची अक्षरं मी पांढऱ्या पेंट मार्करने रंगवलीत. त्यावर हेच चालेल का? दोन महिन्यांत रंगाचे पोपडे निघाले.


रबरकाका | रविवार, सकाळी ११:३०

तुमची गोष्ट निराळी. त्यांचं पांढरं हे रबरच आहे, तुमचं रबरावर बसलेला रंग आहे. आधी कधी पॉलिश लावलं असेल तर सिलिकॉनच्या थरावर रंग धरतच नाही, पोपडे त्यामुळेच. घासला तरी जाईल, ऑल-पर्पज क्लीनरनेही जाईल. परत रंगवायचं तर आधी सगळं तेलकट काढून, कोरडं करून, मग रंगवा आणि त्या टायरला पॉलिश लावूच नका.

आणि दुचाकी म्हणून विशेष सांगतो. मोटारसायकल वळताना झुकते तेव्हा टायरची जवळजवळ भिंतीपर्यंतची कड रस्त्याला टेकते. ताम्हिणीच्या वळणावर त्या कडेला पॉलिश असलं तर सावरायला वेळ मिळत नाही. दुचाकीच्या टायरला फक्त साबण आणि पाणी. याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.


ताम्हिणी_रायडर | रविवार, सकाळी ११:४०

समजलं काका. आजच धुऊन काढतो.


जिप्सीकन्या | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:४५

मंडळी, उशिरा लिहितेय पण मुद्दाम. चार चाकं होतीच, तर प्रत्येकाला वेगळं केलं आणि वहीत लिहीत गेले. चारही आधी सारखीच स्वच्छ केलेली.

पुढचं उजवं: पॉलिश अजिबात नाही. पुढचं डावं: दुधी पॉलिश ब्रशने, अक्षर लगेच पुसलेलं. मागचं डावंही तसंच, पण वीस मिनिटांनंतरचं टिपणं मुद्दाम सोडलं. मागचं उजवं: दुधी पॉलिश अक्षरांवरूनही फिरवलं आणि तसंच ठेवलं. तेलकट पॉलिश मी कुठल्याच चाकावर परत लावलं नाही, त्याची परीक्षा आधीच होऊन गेलीय.

या तीन आठवड्यांत गाडी रोज डेक्कनपर्यंत, एकदा पानशेत आणि दिवाळीत एकदा वाईला गेली. आज न धुता बघितलं. मागच्या उजव्याची अक्षरं सर्वांत मळकट, करडी, धूळ बोटाने पुसली जात नव्हती. पण पिवळी नव्हती! ओल्या ब्रशने दोन मिनिटांत पांढरी झाली. म्हणजे दुधी पॉलिश अक्षरावर राहिलं तर मळ धरतं, डाग पाडत नाही, निदान तीन आठवड्यांत तरी. मागच्या डाव्याची अक्षरं ठीक, पण काळ्या भागात अक्षरांच्या सावलीला धुळीची कड धरलेली, आणि पत्र्यावर दोन-तीन ठिपके. पुढच्या डाव्याला काही करावंच लागलं नाही, नुसतं पाणी.

मला आश्चर्य वाटलं ते पुढच्या उजव्याचं. अक्षरं तिथली सर्वांत पांढरी. काळा भाग मात्र करडा आणि फिका, शेजारच्या चाकापुढे एकदम म्हातारा दिसतो. बाबांना न सांगता विचारलं, कुठलं चाक आवडतं? त्यांनी पुढच्या डाव्याला हात लावला. आता चारही तसंच करणार आहे.


भोसरी_ट्रान्सपोर्ट | रविवार, रात्री ९:३०

काकांनी सांगितलेली फडक्याची परीक्षा मी केली होती, लिहायची राहिली. फडकं तपकिरी आलं, तेलकट. बोलेरोचे टायर धुऊन काढले, सहा फेऱ्या लागल्या. अक्षरं तुमच्याइतकी नाही झाली, दोन वर्षांचं मुरलंय, पण लांबून वाचता येतात आता. टेम्पोंना तेलकट पॉलिश बंद केलंय. ड्रायव्हर लोक कुरकुर करतात, चमक नाही म्हणून. दुधीचा पाच लिटरचा कॅन आणलाय.


फेसपाणी | रविवार, रात्री १०:०५

भोसरीकर, मुरलेल्या डागाला एका बैठकीत जोर करू नका. पंधरा दिवसांनी परत दोन फेऱ्या, मग परत. दर वेळी थोडं निघतं. स्पंजने एकदम उजळवायला गेलात तर अक्षराचा माथा खरखरीत होतो, आणि खरखरीत रबर मळ दुप्पट धरतं.

ताई, वॉशिंग सेंटरला पुढच्या वेळी गाडी द्याल तेव्हा चावी देतानाच सांगा, टायरला काही लावायचं नाही. खालून डिझेलचा फवारा मारत असतील तर तोही नको. डिझेल टायरच्या आतल्या भिंतीवर उडतं आणि काकांनी सांगितलेलं सगळं तिथून सुरू होतं.


जिप्सीकन्या | सोमवार, सकाळी ८:००

सांगेन. खरं तर आता घरीच धुतो आम्ही, रविवारी सकाळी.

एक शेवटचं राहिलं, काका. स्टेपनीचं कव्हर ठेवू की काढू? अक्षरं कव्हरमुळेच वाचली, पण बाबा म्हणतात एवढी पांढरी अक्षरं झाकून काय ठेवायची.


रबरकाका | सोमवार, सकाळी ८:२५

कव्हर कापडी असेल तर ठेवायला हरकत नाही, पावसाळ्यात तेवढं काढून वाळवत जा. रेक्झिनचं असेल तर काढा. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट प्लास्टिसायझर असतं, उन्हात तापलं की ते रबराला लागतं आणि अक्षरांवर कव्हरच्या शिवणीचा ठसा उमटतो. आणि स्टेपनी फिरत नाही, तिचं रबर दबत-ताणत नाही म्हणून आतलं मेण वर यायला आळस करतं. दर पाच हजार किलोमीटरला चाकं फिरवता तेव्हा स्टेपनीलाही फेऱ्यात घ्या.


जिप्सीकन्या | सोमवार, सकाळी ८:४०

रेक्झिनचंच आहे. बाबा खाली गेलेत काढायला.